थांबायचं, पण कुठल्या तारखेपर्यंत?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. त्यांचा २४ वर्षांचा धाकटा भाऊ साडेचार महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून फेकला गेला आणि उजव्या खांद्यावर आपटला. हाड मोडलं नाही, पण हात खांद्यातून उचलत नाही आणि कोपरात वाकत नाही. कोपर सरळ करता येतं, मूठ वळते, बोटं हलतात. खांद्याची बाहेरची बाजू, हाताची अंगठ्याकडची कड आणि अंगठा बधिर आहे; करंगळीला स्पर्श कळतो. पहिल्या डॉक्टरांनी "नस ताणली गेलीय, वर्षभर वाट पाहा" असं सांगून गोळ्या आणि मशीनचे शेक दिले. आठव्या दिवशी काढलेला ईएमजीचा (नसा आणि स्नायूंतली वीज मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट "फार वाईट नाही" असा होता. गेल्या आठवड्यात दुसऱ्या सर्जननी मात्र महिन्याभरात ऑपरेशन करायला सांगितलं, तेही हाताच्या चालू नसेतले धागे घेऊन. वडील म्हणतात, "जे आहे ते तरी राहू दे." आई रोज खांदा आणि हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. भाऊ हात जॅकेटच्या खिशात घालून गप्प बसतो. ताई विचारतात : "आपण घाई तर करत नाही ना? आणि त्याला ऑपरेशनला तयार कसं करू?"

ताई,

तुमच्या पत्रात 'घाई' हा शब्द चार ठिकाणी आलाय, 'उशीर' एकदाही नाही. ऑपरेशन म्हणजे धोका आणि थांबणं म्हणजे सुरक्षित, असं घरातल्या सगळ्यांनी न बोलताच धरून चाललंय. पाठ दुखली, गुडघा कुरकुरला, तर ते बरोबरही असतं. दोन महिने थांबलं म्हणून काही बिघडत नाही. खांद्याच्या नसांचं तसं नाही. इथे थांबण्याचीही किंमत पडते आणि ती मागाहून परत मिळत नाही.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सर्जन नाही. बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी अशाच लुळ्या पडलेल्या हातांवर. भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे "ऑपरेशन कराच" असं मी लिहिणार नाही. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय थांबत बसू नये, एवढं मात्र नक्की सांगू शकते.

'नस' हा आपला शब्द मोठा फसवा. रक्ताची शीर, स्नायू हाडाला बांधणारी दोरी आणि मेंदूचा निरोप नेणारा मज्जातंतू, तिन्हींना आपण नसच म्हणतो. मग 'नस ताणली' ऐकलं की चार दिवसांत सुटणारी लचक डोळ्यांसमोर येते. तुमच्या भावाचा ताणला गेलाय तो मज्जातंतूंचा अख्खा जुडगा, ज्याला डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मानेतून पाच मुळं निघतात, हासळीच्या हाडामागे एकमेकांत गुंततात, काखेत उतरतात आणि तिथून साऱ्या हाताला वाटली जातात. ढोबळमानाने, वरची दोन मुळं खांदा उचलतात आणि कोपर वाकवतात, खालची मुळं बोटं चालवतात. पडताना खांदा एकीकडे दाबला गेला आणि डोकं दुसरीकडे फेकलं गेलं की वरच्या मुळांना जबर हिसका बसतो. अंगठा बधिर, करंगळी शाबूत, मूठ वळते पण कोपर वाकत नाही, हे तुम्ही केलेलं वर्णन वरच्या मुळांच्या इजेशी चांगलंच जुळतं.

आता इजा किती खोल, हा खरा प्रश्न. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जननी १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरात आहेत. पहिल्यात तंतू शाबूत असतो, निरोप तेवढा अडतो. काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत हात आपला आपण सुरू होतो. दुसऱ्यात आतला धागा तुटतो पण भोवतीची नळी टिकते, आणि धागा त्या नळीतून पुन्हा वाढत जातो. तिसऱ्यात नळीसकट सगळं तुटतं. ते आपोआप जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे मूळच मज्जारज्जूतून उपटलं जाणं. तिथे तर जोडायला टोकसुद्धा उरत नाही. पहिल्या दोन प्रकारांत थांबण्याला अर्थ आहे, पुढच्या दोन्हींत नाही. साडेचार महिन्यांनंतरही कोपर तसूभर हलत नसेल, तर पहिला प्रकार जवळपास बाद झाला.

थोडं गणित करू. तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, महिन्याला साधारण एक इंच. हासळीच्या वरच्या इजेपासून दंडातल्या बेडकीपर्यंत अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे सात-आठ महिने. पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं. आणि तिकडे स्नायू काही वाट बघत थांबत नाही. निरोप बंद झाला की तो वाळत जातो, आणि बारा ते अठरा महिन्यांत निरोप झेलणाऱ्या त्याच्या जागाच बुजतात. मग धागा पोचला तरी उपयोग नाही. आता वर्षभर थांबून मग मानेत जोडकाम केलं तर बेडकीपर्यंत पोचायला किती महिने लागतील, ते वडिलांनाच बोटांवर मोजायला सांगा. म्हणूनच आपोआप सुधारणा दिसत नसेल तर अशी ऑपरेशनं साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात. मूळ उपटलेलं आहे हे स्पष्ट असेल तर त्याहूनही आधी. नऊ महिने उलटले की निकाल घसरतात, वर्षानंतर नसेच्या जोडकामाचा स्नायूला फारसा फायदा होत नाही.

एक माणूस माझ्याकडे चौदाव्या महिन्यात आला होता. वर्षभर मशीनचे झटके घेत होता. झटका दिला की दंड उडायचा आणि त्याला वाटायचं, हात जागा होतोय. मशीन बंद केलं की दंड निपचित. झटक्याने उडणं आणि स्वतःच्या मनाने हलणं यांतला फरक त्याला कोणी सांगितला नव्हता. त्याला दोष देत नाही. सुरुवातीच्या काळात मीही अशी मशीनं लावली आहेत, आणि तेव्हा हा फरक मीही पेशंटला समजावून सांगितला नाही. मशीनमुळे तुटलेला तंतू जुळत नाही. बी-बारा जीवनसत्त्वाच्या 'नसांच्या गोळ्यां'नीही नाही. शरीरात त्याची कमतरता असेल तर त्या घ्याव्यात, पण 'उपचार चालू आहेत' या समाधानात महिने जातात, तो त्यांचा तोटा.

आठव्या दिवसाच्या त्या रिपोर्टवर विसंबू नका. तंतू तुटला तरी त्याचा पुढचा भाग लगेच मरत नाही. आठवडाभर, संवेदनेच्या तंतूंत दहा-अकरा दिवसही, तो वीज वाहून नेतो. स्नायूत सुई घालून दिसणाऱ्या बिघाडाच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून पहिली ईएमजी तीन-चार आठवड्यांनी आणि दुसरी तीन महिन्यांच्या आसपास करतात. तुमच्याकडे यातली एकही नाही. ती आताच करून घ्या. जोडीला मानेचा आणि प्लेक्ससचा एमआरआय लागेल. मूळ उपटलं गेलंय का, याचा अंदाज त्यातून येतो.

घरीही एक गोष्ट पाहता येईल. भावाला टेबलाशी बसवा, हात खांद्याच्या उंचीला टेबलावर आडवा ठेवा, खाली गुळगुळीत कापड घाला, म्हणजे हाताचं वजन त्याला पेलावं लागणार नाही. तुमची दोन बोटं त्याच्या दंडाच्या पुढच्या बाजूला हलकेच टेकवा आणि त्याला कोपर दुमडायला सांगा. हात सरकला का ते बघू नका. पुढच्या हाताचे स्नायू लबाडी करून कोपर थोडं ओढतात. बोटांखाली बेडकी आवळली गेल्यासारखी वाटते का, एवढंच बघा. बारीकशी थरथर जाणवली तर ती सर्जनना जरूर सांगा, कारण मग निर्णय बदलू शकतो. ते स्वतःही तपासतीलच. हासळीच्या वर बोटाने टिचकी मारून मुंग्या कुठपर्यंत धावतात आणि ती जागा महिन्या-महिन्याला खाली सरकते का, हेही ते पाहतील. नुसत्या मुंग्या आल्या म्हणून हात परत येतोय असं नाही. मुंग्यांची जागा पुढे सरकायला हवी.

आता वडिलांची भीती. चालू हातातली नस कापायची, हे ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण नेमकं काय करतात ते बघा. कोपराच्या आतल्या बाजूला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती अल्नर नस. ती एकसंध तार नाही, आत बऱ्याच धाग्यांच्या जुड्या असतात. सर्जन दंडात ती उघडतात, विजेच्या अगदी सौम्य टोकाने एकेक जुडी चाचपतात. एकीने मनगट वाकतं, दुसरीने बोटं हलतात. मुख्यतः मनगट वाकवणारी एखादी जुडी घेतात आणि बेडकीच्या नसेला जोडतात. मनगट वाकवायला दुसरेही स्नायू असतात, त्यामुळे बहुतेकांची पकड कायमची कमी होत नाही. काहींच्या करंगळीला काही दिवस मुंग्या राहतात. फ्रेंच सर्जन क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली आणि आता ती जगभर रुळली आहे. तिची खरी गंमत अंतरात आहे. जोड बेडकीच्या अगदी जवळ होतो, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरऐवजी चार-पाचच सेंटिमीटर वाढायचं. पहिली हालचाल बऱ्याचदा तीन ते सहा महिन्यांत दिसते.

खांद्यासाठीही हीच युक्ती वापरतात. खांदे उडवणाऱ्या स्नायूच्या नसेची एक फांदी खांद्याच्या खोल स्नायूंकडे वळवतात आणि कोपर सरळ करणाऱ्या स्नायूची एक फांदी खांद्यावरच्या मोठ्या स्नायूला देतात. भावाला कोपर सरळ करता येतं, म्हणून हा दुसरा पर्याय त्याला खुला असू शकतो. मानेतलं मूळ वापरण्याजोगं असेल तर पोटरीतली संवेदनेची नस काढून मधला तुटलेला भाग सांधतात. त्यापायी पावलाची बाहेरची कड थोडी बधिर राहते. कधी दोन्ही मिळून करतात. यातलं काय, हे पोट भरून प्रश्न विचारून ठरवा. अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता? आत उघडल्यावर वेगळंच निघालं तर काय कराल? जिथून धागे घेणार तिथे काय कमी होईल? ऑपरेशननंतर व्यायाम कोण शिकवणार? सर्जन या प्रश्नांना कंटाळले तर तिसरं मत घ्या. पण ते दोन आठवड्यांत घ्या आणि हातांच्या किंवा नसांच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या माणसाकडूनच घ्या. वडिलांचं "जे आहे ते राहू दे" हे म्हणणं मला अडाणीपणाचं वाटत नाही. ते प्रश्न म्हणून सर्जनसमोर ठेवायला हवं, एवढंच.

एक गैरसमज मात्र तुमच्याच पत्रात आहे. "ऑपरेशन झालं की हात पूर्वीसारखा होईल ना?" असं तुम्ही कंसात लिहिलंय. पूर्वीसारखा नाही होणार. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. तीन म्हणजे हाताच्या वजनाविरुद्ध कोपर वाकणं, चार म्हणजे थोडं ओझं घेऊन वाकणं. तीन-चारपर्यंत पोचणं ही या ऑपरेशनची चांगली कमाई. खांदा सहसा कोपराच्या मानाने कमी सुधारतो. आणि हे सगळं दीड-दोन वर्षांत, रोजच्या व्यायामानंतर. ऑपरेशननंतर साधारण तीन आठवडे हात बांधून ठेवतात, मग सांधे मोकळे करणं, आणि मग चालू होते ती विचित्र शिकवणी. बेडकीला आता मुठीच्या नसेतून निरोप येतो, म्हणून कोपर वाकवायला सांगायचंच नाही, मूठ आवळायला सांगायचं. दिवसेंदिवस काही होत नाही. पेशंट वैतागतो, मीही वैतागायचे. मग एखाद्या सकाळी मूठ आवळताना दंडाच्या कातडीखाली काहीतरी किंचित लुकलुकतं. मी पेशंटचा दुसरा हात तिथे ठेवायला लावायचे, कारण डोळ्यांपेक्षा बोटांना ते आधी कळतं. पुढे काही महिन्यांनी मेंदू जुळवून घेतो आणि मूठ न आवळताही कोपर वाकायला लागतं.

ही वेळ टळली तरी सगळं संपत नाही, हे उशिरा पत्र वाचणाऱ्यांसाठी सांगते. वर्षांनंतरही चालू स्नायूचं टोक हलवून नव्या जागी बांधता येतं, मांडीतला एक स्नायू रक्तवाहिन्या आणि नसेसकट दंडात बसवता येतो, सैल लोंबणारा खांदा सांध्यात पक्का करता येतो. यातून कामापुरता हात मिळतो. तरीही वेळेत झालेल्या जोडकामाला हे पर्यायी नव्हे, दुय्यम.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटला. "त्याला तयार कसं करू" असं तुम्ही विचारता. त्याचं गप्प राहणं म्हणजे ऑपरेशनची भीती, असं तुम्ही धरलंय. असेलही. पण या इजेत अनेकांना जळजळीची, करंट बसल्यासारखी कळ येते, विशेषतः रात्री, आणि ती कशी सांगावी हेच त्यांना कळत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं डॉक्टर देतात. त्याला झोप लागते का, हे आधी विचारा. कदाचित उजव्या हाताने होणारं कामच गेलं, याचं दुःख असेल. कदाचित घरात सगळे त्याच्या हाताबद्दल बोलतात आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही, असं असेल. तो २४ वर्षांचा आहे. सही त्याची, हातही त्याचा. तुमचं काम त्याला तयार करणं हे नाही. निर्णय घ्यायला लागणारी माहिती त्याच्या हातात वेळेत पडेल, हे बघणं आहे. मी त्याला एकच विचारलं असतं : "या हाताने तुला सगळ्यात आधी काय करायचंय?" शर्टाची बटणं, पेला तोंडाला लावणं, मोबाइल कानाला धरणं, काहीही. ते उत्तर घेऊनच सर्जनकडे जा. त्यातलं काय शक्य आहे, ते सर्जनना त्याच्याशीच बोलू दे, तुमच्याशी नाही. आणि सर्जनना विचारून दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालेल्या एखाद्या पेशंटशी त्याची गाठ घालून द्या. मी तासभर बोलून जे व्हायचं नाही, ते दोन पेशंट पाच मिनिटं बोलले की व्हायचं. तो जेवणखाण सोडत असेल किंवा जगण्यात राम नाही अशी भाषा करत असेल, तर हात बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

निर्णय काहीही होवो, व्यायाम आजपासूनच. खांदा आणि कोपर दुसऱ्याच्या हाताने दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण फिरवून घ्यायचे. कोपर बरगडीला टेकवून पुढचा हात बाहेर वळवणं मुळीच चुकवू नका, आखडायला तीच दिशा पहिली. ताठ झालेल्या सांध्यात नवी नस येऊनही काही करू शकत नाही. चालताना हाताला पट्ट्याचा आधार द्या, नाहीतर हाताच्या वजनाने खांदा खाली ओघळतो. उठवताना त्या हाताला धरून ओढू नका.

तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं. काचेने किंवा धारदार वस्तूने कापून हात लुळा पडला असेल तर हे तीन महिन्यांचं थांबणं लागू नाही. काही दिवसांतच उघडून जोडावं लागतं. खांदा निखळून त्याच्या वरचा स्नायू बंद पडला असेल तर तो बहुतेकांचा आपोआप सुधारतो, पण तीन महिन्यांनी तपासणी हवीच. अपघात नसताना रात्रीतून खांद्यात भयंकर कळ आली आणि ती ओसरताना हात लुळा पडला, तर तो वेगळा आजार असतो. त्यात बरेचदा वाट पाहणंच योग्य, पण निदान डॉक्टरांनी करायचं, शेजाऱ्यांनी नाही. जन्मताना खांदा ओढला गेलेल्या बाळांपैकी बहुतेक सुधारतात. तीन महिन्यांपर्यंत बाळ कोपर वाकवत नसेल तर तज्ज्ञांना दाखवा.

ताई, अपघाताला सहा महिने कधी पूर्ण होतात ती तारीख कॅलेंडरवर काढा आणि तिच्या आधी ईएमजी, एमआरआय आणि दोन्ही मतं हातात येतील अशी आखणी करा. बाकी सगळं नंतर. आणि आईंना म्हणावं, गरम पाण्याची पिशवी आजच कपाटात ठेवा. बधिर कातडीला चटका कळत नाही. मी पाहिलेले फोड सगळे अशाच प्रेमाने केलेल्या शेकाचे होते.